भिंतीकडे तोंड केलेला समुद्र

रंगारी माझ्या दारात आला तेव्हा मी बटाटे सोलत बसले होते, आणि पहिल्या नजरेत तो मला मुळीच आवडला नाही. अंगात जाड लोकरीचा कोट, नाक उन्हावाऱ्यानं सोललेलं, आणि मागं हातगाडीवर कापड ताणलेल्या लाकडी चौकटींची चळत. मला वाटलं, देवानं या खेपेला जहाज न फोडताच लाकूड पाठवलं की काय! आमच्या एउसा बेटावर झाड म्हणून नाही. दार, कपाट, पाळणा, शवपेटी, सगळं फुटलेल्या जहाजांच्या फळ्यांचं. लाकूड दिसलं की आमचे हात शिवशिवतात.

"खोली मिळेल का, बाई?"

"कशाला?"

"समुद्र रंगवायचाय. पेर्नच्या टोकाचा."

मी सुरी खाली ठेवली. "का? आहे तो रंग विटला का त्याचा?"

तो हसला. रागावला असता तर मी त्याला तिथूनच वाटेला लावला असता, पण हसला म्हणून अडकले. त्याचं नाव आरमाँ वेरदिये, पॅरिसचा. पण आम्ही त्याला शेवटपर्यंत रंगारीच म्हणालो. मी त्याला खोली दिली, आणि एवढा रंग पेटीत आहेच तर माझं कपाटही रंगवून द्या म्हणून सांगितलं. आमच्याकडे बोटीला लावून उरलेल्या रंगात घरातलं सामान रंगवतात. त्यानं बिनतक्रार कोट काढला आणि कपाट रंगवलं, मारियामातेच्या झग्याचा निळा, एक ओघळ नाही. कामाचा माणूस होता, ते कबूल करायला हवं.

"आता माझं एक ऐका," मी म्हटलं. "तुम्ही तिकडे समुद्र रंगवा, आकाश रंगवा, हवं तर माझी मेंढी रंगवा. पण घरात आणाल ते चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. मला या घरात समुद्र दिसता कामा नये."

त्यानं कारण विचारलं नाही. माझ्या सुनेकडे पाहिलं, तिनं मान खाली घातली, आणि तो "बरं" म्हणाला.

कारण ग्वेनोले. माझा एकुलता एक. त्या वर्षीच्या जानेवारीत शेवंडीचे पिंजरे उचलायला एकटाच पेर्नच्या खडकांकडे गेला, मागून धुकं उतरलं, धुक्यामागून वारा आला, आणि तो परतला नाही. पोरगा नाही, बोट नाही, बोटीची फळीसुद्धा नाही. साऱ्या जगाची लाकडं आमच्या किनाऱ्याला लागतात, माझ्या लेकाच्या बोटीची ढलपीही लागली नाही. तेव्हापासून मी समुद्राकडे पाठ केली. सूत कातायची खुर्चीसुद्धा फिरवून ठेवली.

पण माझं दुःख एवढ्यावर संपत नव्हतं. समुद्र ज्याला परत देत नाही त्याच्यासाठी आम्ही मेणाचा क्रूस करतो, तळहातावर मावेल एवढा. तोच त्याचा देह. रात्रभर त्याच्याजवळ जागायचं, सकाळी चर्चमध्ये न्यायचा, पाद्री त्याला ठेवून घेतात. मग तो माणूस घरी आला असं आम्ही समजतो. याला आम्ही प्रोएला म्हणतो. तिची सुरुवात करायची असते गेलेल्याच्या धर्मबापानं, बाप्तिस्म्याला ज्यानं त्याला हातात धरलं त्यानं. दिवस मावळल्यावर त्यानं खिडकीवर टकटक करायची आणि आतल्या विधवेला सांगायचं, पोरी, आज रात्री तुझ्या घरी प्रोएला आहे. त्याआधी घरात रडायचं नाही.

ग्वेनोलेचा धर्मबाप म्हणजे आमचा ताँगी. जन्मभर जहाजांवर शिडं ओढलेला म्हातारा, बोलायला फटकळ, काळजानं लोणी. तो दोनदा खिडकीपर्यंत आला होता. पहिल्यांदा माझ्या सुनेनं दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा ती बादली घेऊनच बाहेर आली.

"काका, खिडकीला हात लावलात तर ही डोक्यावर ओतीन. जिवंत माणसाची प्रोएला करायला निघालात, लाज नाही वाटत?"

ताँगी बिचारा टोपी सावरत परत गेला. जाताना मला म्हणाला, "बार्बा, मी काय करू? ती हो म्हणेपर्यंत माझी बोटं काचेला लागायची नाहीत."

सुनेचं नाव कातेल. आमच्या बेटावर मुलगी मुलाला मागणी घालते. मिठात मुरवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा घेऊन ही पोर आमच्या दारात उभी राहिली होती, हनुवटी अशी वर, जणू मीच तिच्या दारात आलेय. ग्वेनोलेनं तो तुकडा घेतला, आणि तिथंच उभ्या उभ्या खाल्ला, म्हणजे हो म्हणाला, मेला अधाशी! तर जिनं मागून नेला तिनं सोडल्याखेरीज त्याला कोण सोडवणार? आणि ही सोडायला तयार नव्हती.

"पेर्नवरून किती जहाजं जातात, आई! उचललं असेल एखाद्यानं. नेलं असेल ब्राझीलला."

"ब्राझीलला टपाल नाही का गं?"

यावर ती भांडी आदळायची. मी चूल फुंकायची. असे आमचे दिवस चालले होते, आणि समोरून नोव्हेंबरच्या सुरुवातीचा सर्व मृतांचा दिवस येत होता. त्या संध्याकाळी बेटावरचे सगळे गेलेले आपापल्या घरी येतात. आपण चुलीत विस्तव राखायचा, टेबलावर घावन आणि दही ठेवायचं, ते येऊन शेकतात, खातात. पण ज्याचा क्रूस झाला नाही त्याला उठायला जागा नाही आणि यायला वाट नाही. शेजारणीचा मेलेला सासरा, जन्मभर कुणाला घोटभर पाणी न देणारा, तो येऊन चुलीशी पाय पसरणार आणि माझा पोरगा त्या काळ्या पाण्यात गारठत राहणार, हे मला सहन होत नव्हतं. मी रात्रंदिवस एकच मागणं मागत होते, त्या दिवसाआधी हिला बुद्धी दे.

आणि अशात हा रंगारी.

त्याच्या चौकटी पेर्नपर्यंत वाहून न्यायला माणूस हवा होता. आमच्याकडे ओझी बायकाच वाहतात, पुरुष बोटीवर. कातेल लगेच पुढं झाली. मला कळलं का ते. तिला टोकावर बसून जहाजं बघायला मिळणार होती.

तिकडे वारा असा की उभ्या माणसाचे दात हलतात. पहिल्याच दिवशी रंगाऱ्याची चौकट उभी करायची तिकाटणी उडून शेतात पडली. मग कातेलनं घरातून मेंढ्यांचे दोर नेले. सप्टेंबर संपला की आम्ही मेंढ्या मोकळ्या सोडतो, दोर रिकामेच असतात. तिनं तिकाटणी बांधली, चौकट बांधली, दगड टांगले, आणि शेवटी रंगाऱ्याच्या कमरेलाही एक वेढा घालून खडकाला गाठ मारली. सगळं बेट हसलं. ताँगी म्हणाला, "मेंढ्या सोडल्या आणि रंगारी बांधला!"

आणखी एक गंमत. हा माणूस एकाच खडकाची आठ आठ चित्रं एकदम करायचा. मी म्हटलं, एक धड पुरं करता येत नाही, म्हणून आठ मांडून बसलाय. पण कातेलनं मला दटावलं. "आई, भरती वेगळी, ओहोटी वेगळी. पाणी बदललं की ते चौकट बदलतात. कालचं पाणी परत आलं की कालची काढतात."

"कालचं पाणी परत येतं होय?"

"जवळजवळ तसंच येतं," ती म्हणाली.

थोड्या दिवसांनी तिच्या डोक्यात भलतंच शिरलं. आमच्या चर्चच्या भिंतीवर चित्रं टांगलेली आहेत. खवळलेला समुद्र, त्यात कलंडलेलं जहाज, वर ढगात मारियामाता. वादळातून वाचलेले खलाशी नवस फेडायला ती लावतात. समुद्राच्या चित्राचा दुसरा काही उपयोग असतो हे आमच्यापैकी कुणाला ठाऊकच नव्हतं. कातेल बटाटे खाता खाता म्हणाली, "साहेब पेर्नचंच पाणी काढतात. त्यात ग्वेनोलेची बोट काढली आणि चर्चमध्ये टांगली तर?"

"अगं, ते माणूस वाचल्यावर टांगायचं असतं."

"आधीच टांगलं तर मातेला त्याला वाचवावंच लागेल."

"देवाच्या आईलाच पेचात धरतेस?"

"तिचाही मुलगा गेला होता," ती म्हणाली. "तिला कळेल."

एकदा का ते चित्र चर्चमध्ये लागलं की ही जन्मात ताँगीला खिडकीपाशी येऊ देणार नाही, माझा पोरगा कायमचा पाण्यात. मी रंगाऱ्याला एकटा गाठला आणि बोट उगारून सांगितलं, "बोट काढलीत तर याद राखा. सामान रस्त्यावर फेकीन."

तो म्हणाला, "काळजी करू नका, बाई. तिनं मला केव्हाच विचारलंय. मी नाही म्हणालो. जे समोर नसतं ते मला काढता येत नाही."

हायसं वाटलं, आणि त्याच वेळी मनात कुठंतरी रागही आला. समोर नसतं म्हणे! आमच्या समोर दुसरं काय होतं?

मग एक दिवस पावसानं त्याला घरातच कोंडलं. मी गोठ्यातून आत आले, तर यानं सगळ्या चौकटी सरळ करून भिंतीला ओळीनं लावलेल्या! बघायला लावल्या होत्या म्हणे, मी इतक्यात येईन असं वाटलं नव्हतं. मी ओरडायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

जवळून पाहिलं तर नुसते फटकारे. हिरव्यात जांभळा, जांभळ्यात नारिंगी, कुठं कुठं पांढरा थापलेला. माझं कपाट याहून किती नीट रंगवलं होतं त्यानं! मी मागं सरकले, आणखी सरकले, पाठ पलंगाच्या फळीला टेकली, आणि बाई गं, पाणी हलायला लागलं. खरंच हललं. खडक पाण्यातून वर आले, फेस चुलीवरचं दूध उतू जावं तसा त्यांच्यावर चढला. आकाशाला वर बोटभरच जागा ठेवली होती. बाकी सगळं पाणी. एका चित्रात सकाळचं, थंड. एका चित्रात ऊन कलताना पेटलेलं. एका चित्रात वाऱ्याआधीचं, काळंशार, दबा धरलेलं. ना माणूस, ना शीड, ना पक्षी. साठ वर्षं मी त्या पाण्याशेजारी राहिले, नवरा त्यावर पाठवला, मुलगा त्यावर पाठवला, आणि ते किती मोठं आहे हे मला माझ्याच घरात, शेणाच्या हातांनी उभं असताना कळलं. मी तिथंच खाली बसले.

"चित्रं उलटी करू का?" रंगाऱ्यानं हळूच विचारलं.

"करा," मी म्हटलं.

ऑक्टोबर सरत आला तशी मोठी हवा सुटली. सकाळपासून घराच्या छपरावरचे दगड वाजत होते. मला वाटलं आज तरी हे दोघं घरी बसतील. कसले बसतात! रंगाऱ्याच्या डोळ्यांत लग्नाच्या दिवसासारखी चमक. "हेच पाणी हवं होतं मला, महिनाभर वाट बघतोय!" आणि कातेल चौकट पाठीला बांधून त्याच्यापुढं. दुपार झाली तरी पत्ता नाही. एक दिला तेवढा पुरे झाला होता मला. शाल आवळली, आणि ज्या वाटेकडे मी जानेवारीपासून पाहिलं नव्हतं ती वाट धरली.

पेर्नला पोचले तेव्हा चालता येईना, मी ओणवी होऊन दगड धरत गेले. आणि मग वर पाहिलं.

काय सांगू! कानात आवाज मावेना. लाटा येत नव्हत्या, समुद्रच्या समुद्र उठून येत होता. आमच्या चर्चच्या मनोऱ्याहून उंच खडक आहेत ते, बुडत होते आणि पांढरे होऊन वर येत होते, पुन्हा बुडत होते. पायाखालची जमीन घोड्याच्या पाठीसारखी थरथरत होती. मी समुद्राला शिव्या द्यायच्या ठरवून आले होते, एवढ्या महिन्यांच्या साठवलेल्या. एकही आठवेना. जे समोर होतं त्याला शिवी लागत नाही, त्याला माझं नावही ठाऊक नव्हतं. माझी भीतीच गेली. मी क्रूसाची खूण केली आणि रडले, आणि खरं सांगते, ते रडणं दुःखाचं नव्हतं. एवढं मोठं काही बघायला आपल्याला डोळे दिले, त्याचं होतं. आणि मनात आलं, रंगारी खोटं बोलला नाही. एका अक्षरानंही नाही.

तो तिथंच होता, खडकाला दोरानं बांधलेला, ओलाचिंब, रंग फासत आणि ओरडत. काय ओरडत होता देव जाणे. तेवढ्यात वाऱ्यानं उसळी घेतली, दोर तुटला, आणि चौकट उडाली. थेट कड्याच्या दिशेनं. रंगारी बांधलेला, त्याला हलता येईना. कातेल धावली. कड्याच्या अगदी काठाशी तिनं त्या चौकटीवर अंग टाकलं आणि पालथी पडून राहिली. तिचे पाय तेवढे मला दिसत होते.

मी कशी पोचले मला माहीत नाही. तिच्या घोट्याला धरून मागं ओढलं आणि उठल्या उठल्या तिच्या थोबाडीत मारली. "चित्रासाठी जीव देतेस? एका फडक्यासाठी?"

ती हसत होती. मऊ वाळूत खेळून आलेल्या पोरासारखी. "वाचलं, आई. रंगही फारसा पुसला नाही."

रंगाऱ्यानं गाठ कापून घेतली होती. तो आला, चिखलात गुडघ्यांवर बसला, चित्र बघितलं, मग तिच्याकडे. त्याचे ओठ निळे पडले होते. "पोरी, काय हवं ते माग," तो म्हणाला.

तिनं काय मागितलं असेल ते सांगायला नको. मी दोघांच्या मधे उभी होते, पण माझ्याकडे कुणी बघेना. आणि तो शब्दाला बांधला गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं आमच्याच घरात, दक्षिणेच्या खिडकीच्या उजेडात बोट काढली. त्याच चित्रात, जे वाचवलं होतं त्यात. मी रागानं सूत कातत होते, मुद्दाम पाठ करून. पण कातेल इतकी शांत झाली की मला वळून बघावंच लागलं. चार-पाच फटकारे, बस. तपकिरी शीड, खाली निळी रेघ. शीड वाऱ्यानं असं ताणलेलं, की सुकाणूवर बसलेला माणूस काढलेला नसूनही मला तो दिसला. डावा खांदा जरा खाली. ग्वेनोले तसाच बसायचा. माझ्या हातातला धागा तुटला.

कातेलनं रंगाऱ्याचे दोन्ही हात धरले, रंगासकट. "रविवारी पाद्रीबाबांना दाखवीन," ती म्हणाली. मग तिनं खुर्ची ओढली आणि चित्रासमोर बसली. मी जेवायला बोलावलं, आली नाही. गोठ्यात जायला उठली नाही. संध्याकाळी रंगाऱ्यानं माझ्या नियमाप्रमाणे चित्र उलटं करायला हात घातला, तर म्हणाली, "राहू द्या." माझा सगळा जोर संपला होता. सर्व मृतांच्या दिवसाला किती उरलं हे मोजायचंही मी सोडून दिलं.

सकाळी उठून बघते तर ती पुन्हा तिथंच. रंगारी कॉफी पीत होता. तिनं चित्रावरून नजर न काढता विचारलं, "साहेब, ही लाट यानंतर कुठं जाते?"

त्यानं कॉफी खाली ठेवली.

"मी महिनाभर बघतेय. ती त्या मोठ्या खडकावर चढते. परतताना दोन खडकांच्या मधून सगळं आत ओढते. तुम्हीच दाखवलं होतंत मला, तिथं पाणी काळं का दिसतं ते."

"चित्रात ती थांबलीय, कातेल," तो म्हणाला. "चित्रातली बोट तिथंच राहील. कायम."

"लाट थांबत नाही ना पण." तिचा आवाज अगदी साधा होता, दूध नासलं असं सांगावं तसा. "मी जहाजं बघायला यायची तुमच्याबरोबर. पण तुम्ही जहाजांकडे बघूच दिलं नाहीत. रोज तेच खडक, तेच पाणी. एकदासुद्धा असं पाणी दिसलं नाही की ज्यात हे शीड टिकलं असतं. हे पुसा."

"मला नाही जमायचं," रंगारी म्हणाला. "जमणार नाही ते मला."

"मग मीच पुसते. मीच त्याला मागून आणला होता."

तिनं त्याच्या पेटीतलं फडकं उचललं. आणि बघा माणसाचं मन कसं असतं! दहा महिने मी ज्यासाठी देवाला साकडं घातलं, ते समोर होत होतं, आणि मीच ओरडले, "नको! नको गं, राहू दे त्याला!" मी तिचा हात धरायला धावले. तिनं मला एका हातानं जवळ ओढलं, छातीशी घट्ट धरलं, आणि दुसऱ्या हातानं फडकं टेकवलं.

रंग अजून ओला होता. शीड आधी वाकलं. मग तपकिरी रंग हिरव्यात ओढला गेला, खाली, त्या दोन खडकांच्या मधल्या काळ्या पाण्याकडे, आणि निळी रेघ त्याच्यामागून गेली. आम्ही दोघींनी बघितलं. जे कुणीच बघितलं नव्हतं, धुक्यात, जानेवारीत, ते आम्ही आमच्या घरात उभं राहून बघितलं. फार वेळ लागला नाही. एवढंच मला तेव्हा वाटलं, की त्यालाही फार वेळ लागला नसेल.

रंगाऱ्यानं तोंड फिरवलं होतं. त्याचे खांदे हलत होते.

कातेलनं फडकं घडी करून पेटीत ठेवलं, शाल घेतली आणि ताँगीकडे गेली. काय बोलली ते ताँगीनंच नंतर मला सांगितलं. "काका, आज या," एवढंच म्हणाली, आणि म्हातारा तिच्यादेखत रडला.

अंधार पडता पडता खिडकी वाजली. आम्हाला ठाऊक होतं कोण येणार, कशाला येणार, तरी दोघी दचकलो. काचेपलीकडून ताँगीचा घोगरा आवाज आला, "पोरी, आज रात्री तुझ्या घरी प्रोएला आहे." आणि मग कातेल रडली. घर हादरेल अशी रडली. दहा महिन्यांचं रडणं ते. मी तिला थोपवलं नाही. मीही तिच्याबरोबर बसले. शेजारणी आल्या, टेबलावर पांढरं कापड अंथरलं, त्यावर कातेलच्या लग्नातलं शिरोवस्त्र घडी करून ठेवलं, आणि त्यावर मेणाचा एवढासा क्रूस. माझा सहा फुटी पोरगा. पाद्रीबाबांनी सकाळी तो चर्चमध्ये नेला, सगळं बेट मागून चाललं. रंगारी देवाधर्माचा नव्हता, पण टोपी हातात घेऊन सगळ्यात शेवटी चालला.

सर्व मृतांच्या दिवशी मी घावन केले. कातेलनं दही लावलं, सफरचंदाची दारू काढली, ग्वेनोलेची खुर्ची चुलीशी ओढली. लाकडाऐवजी आम्ही जाळतो ती सुकी गवताळ मातीची ढेकळं चुलीत नीट रचली, सकाळपर्यंत धग राहील अशी. रंगारी दारात घुटमळत होता.

"आज मी दुसरीकडे कुठं झोपतो, बाई. घरची माणसं येणार तुमची."

"बसा गुमान," मी म्हटलं. "तुम्हाला कोण खातंय? फक्त त्याचे घावन खाऊ नका म्हणजे झालं."

तो बसला. मग नेहमीच्या सवयीनं उठला आणि दुपारी आणलेल्या चौकटी भिंतीकडे फिरवू लागला.

"थांबा," मी म्हटलं. "आज नको."

त्याला कळलं नाही. कातेलला कळलं. ती उठली, मीही उठले, आणि आम्ही दोघींनी मिळून सगळी चित्रं सरळ केली. सकाळचं पाणी, कलत्या उन्हाचं पाणी, वाऱ्याआधीचं काळं पाणी, एकेक करून साऱ्या भिंतीला. जिथं पाठ करून मी दहा महिने काढले त्या घरात चारी बाजूंनी समुद्र उभा राहिला. तपकिरी डाग असलेलं ते चित्र मी सगळ्यात शेवटी उचललं आणि त्याच्या खुर्चीशेजारी ठेवलं.

"तिथून यायचंय त्याला," मी रंगाऱ्याला म्हटलं. "दार उघडं नको का ठेवायला?"

मग कातेलनं दिवा बारीक केला, आणि आम्ही आपापल्या अंथरुणाकडे गेलो.